लाल रंग कोणता घ्यावा

यंदा भाव वाढेल या आशेने आम्ही घरातला कापूस फेब्रुवारी संपेपर्यंत विकला नाही. भाव वाढला की नाही हा या लेखाचा विषय नाही, परंतु त्या कापसामुळे माझ्या अकरा शिपायांच्या अंगावर जी लव उगवली तिचा उल्लेख प्रारंभीच केला पाहिजे, कारण तीन महिन्यांच्या आमच्या पैजेत मी मागे पडलो त्याचे पहिले कारण तेच आहे.

मी अकोट तालुक्यातील एका खेड्यात राहतो, शाळेत गणित शिकवतो, धाकट्या भावाबरोबर घरची शेती पाहतो आणि गेली सहा वर्षे टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांचे शिपाई रंगवतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पटावरच्या सोंगट्यांऐवजी येथे अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक असतात, घरांच्या जागी मोजपट्टी असते आणि नशिबाच्या जागी फासे असतात. प्रशियाच्या लष्कराने १८२४ च्या सुमारास आपल्या अधिकाऱ्यांना नकाशावरची लढाई शिकवण्यासाठी असा खेळ स्वीकारला होता. पुढे शिशाच्या खेळण्यांतील शिपायांनी त्याला रूप दिले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत त्याचा मोठा छंद झाला. आज सर्वांत रूढ असलेला आकार २८ मिलिमीटरचा. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा आणि कोटावरचे बटण खसखशीच्या दाण्याहून लहान. हे शिपाई बहुधा बिनरंगाचेच मिळतात, आणि खेळणाऱ्यांपैकी निम्मे लोक खरे तर खेळण्यासाठी नव्हे, रंगवण्यासाठीच या छंदात येतात असे माझे मत आहे. मी त्या निम्म्यांतला.

आमची पैज चौघांची. आम्ही नागपूरच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो होतो. आता एक नागपुरातच आहे, एक अमरावतीला, एक पुण्याला आणि मी गावी. मार्गशीर्ष पौर्णिमेला म्हणजे दत्तजयंतीला आरंभ करायचा आणि होळी पेटली की कुंचले खाली ठेवायचे. पायी शिपायाला ५ गुण, घोडेस्वाराला १० आणि तोफेला, गोलंदाजांसह, १२. दर रविवारी रात्री पूर्ण झालेल्या शिपायांचे छायाचित्र एकमेकांना पाठवायचे. ज्याच्या तळाला माती-गवत लावलेले नाही तो शिपाई अपूर्ण समजायचा. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्याने माझ्या शेतात बाकीच्या तिघांना रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण करून घालायचे. बक्षीस काहीच नव्हते. बक्षीस ठेवले असते तर भांडण झाले असते. रोडगे थापण्याच्या भीतीने मात्र सगळे नेकीने कामाला लागले.

मी ३०० गुणांचा संकल्प सोडला. तीन चांद्रमासांचे सुमारे ८९ दिवस, म्हणजे दिवसाला साडेतीन गुणांहूनही कमी. गणिताच्या शिक्षकाला असे भागाकार फार लवकर खात्री पटवतात. त्या भागाकारात तुरीची सोंगणी, हरभऱ्याचे पाणी, सहामाहीचे उरलेले पेपर आणि चुलत बहिणीचे लग्न नव्हते.

विषय निवडण्यास वेळ लागला नाही. आमच्या गावापासून मोटारसायकलने जाता येईल इतक्या अंतरावर तेल्हारा तालुक्यात आडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथील मैदानावर नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत ती ‘अरगाव’ या नावाने सापडते. त्याच वर्षी सप्टेंबरात असईला झालेली लढाई सगळ्यांना माहीत असते, आडगावची फारशी कोणाला नसते. आमच्या शाळेतील मुलांनाही नव्हती, आणि खरे सांगायचे तर तिशी उलटेपर्यंत मलाही नव्हती. भोसल्यांचे पायदळ आणि तोफखाना दुसऱ्या रघुजींचे धाकटे बंधू व्यंकोजी यांच्या हाताखाली होता. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. तोफांचा पहिला मारा सुरू होताच असईला उत्तम लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या काही देशी पलटणी मागे फिरल्या आणि वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभे केले. संध्याकाळपर्यंत निकाल लागला, ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या आणि रात्री चांदण्यात पाठलाग चालला. जेथे हे घडले तेथे आज तूर, कपाशी आणि केळी आहेत.

शिपाई मिळवणे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे, तो थोडक्यात आटोपतो. परदेशी बनावटीचे शिपाई मागवले तर कुरियर आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीला लाजवतात. पुण्याच्या मित्राकडे राळेचे थर अतिनील प्रकाशाने घट्ट करणारे छपाईयंत्र आहे. त्याने संगणकावरील आराखड्यांवरून आम्हा सर्वांचे शिपाई छापले, अल्कोहोलमध्ये धुतले आणि जुन्या कपड्यांत गुंडाळून पाठवले. वाटेत चार संगिनी आणि एका घोड्याची शेपटी तुटली. शेपटी मी केरसुणीच्या काडीची केली आणि ती मूळच्या शेपटीपेक्षा बरी दिसते.

रंगाआधी अस्तर द्यावे लागते. हे अस्तर, म्हणजे प्रायमर, फवाऱ्याच्या डब्यातून मारतात, आणि त्याला हवा मानवावी लागते. पावसाळ्यात मारले तर दमट हवेने त्यावर पांढुरके धुके धरते. आमच्याकडच्या मे महिन्यात मारले तर थेंब शिपायापर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि अंगावर रव्यासारखी खर चढते. डिसेंबरातली सकाळची अकराची वेळ सर्वांत चांगली, म्हणून आम्ही पैज थंडीत ठेवली. परंतु वऱ्हाडात डिसेंबर हा कापूस घरात येण्याचाही महिना आहे. आमच्या घराच्या समोरच्या दोन खोल्या छतापर्यंत कापसाने भरलेल्या होत्या, आणि मी शहाण्यासारखा अस्तर मारलेले शिपाई वाळण्यासाठी त्याच खोल्यांच्या मधल्या ओसरीत ठेवले. दुपारी भावाने कापसाची गंजी सारखी केली. संध्याकाळी पाहतो तो अकरा शिपायांच्या अंगावर पांढरी तलम लव, जणू प्रत्येकाला थंडी वाजून काटा आला आहे.

ती लव चिमट्याने काढताना आणखी एक चूक झाली, किंवा आधी केलेली चूक उघडी पडली. ॲक्रिलिक रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि आमच्या कोरड्या हवेत तो ताटलीतच वाळू लागतो. त्यावर उपाय म्हणून जाणकार ओली ताटली वापरतात. माझी ताटली म्हणजे स्टीलचा पसरट डबा, त्यात भिजवलेला स्पंज आणि वर बटर पेपर. रंग त्या कागदावर ठेवला की खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावले तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. एवढ्यावर थांबायला हवे होते. मी कोठेतरी वाचले होते की थेंबभर ग्लिसरीन घातले तर रंग आणखी सावकाश वाळतो. हे खरे आहे. परंतु थेंबभर म्हणजे थेंबभरच, कारण ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवते आणि प्रमाण चुकले तर रंग वाळल्यासारखा दिसूनही चिकट राहतो. मी मेडिकलमधून आणलेली बाटली सढळ हाताने वापरली. परिणामी पहिल्या तुकडीचे कोट चार दिवस चिकट राहिले आणि आधी अस्तराला चिकटलेली लव काढून संपते तोच नवी लव कोटांना चिकटली. शेवटी सगळे अकरा शिपाई धुवून पुन्हा कोरे करावे लागले. पहिल्या रविवारी माझ्या नावावर शून्य गुण होते. नागपूरकराने एका वाक्याचे उत्तर पाठवले: ‘तुझ्या पलटणीने बर्फाळ प्रदेशात मोहीम काढली आहे काय?’

त्यानंतर मी शिपाई धान्याच्या कोठीत हलवले आणि वाळताना त्यांच्यावर उलटे पातेले झाकू लागलो.

एका रात्री जागलीवरही प्रयत्न करून पाहिला. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरे आणि रोही यांच्या भीतीने रात्री शेतात कोणीतरी असावेच लागते, आणि तेथे बसून राहण्यापलीकडे काम नसते, म्हणून कपाळाला दिवा बांधून मी मचाणावर सहा शिपायांच्या पट्ट्या रंगवायला बसलो. दिव्याभोवती किडे जमले. त्यांतला एक वॉर्निशमध्ये रुतला तो आजही एका हवालदाराच्या पाठीवर आहे. काढायला गेलो असतो तर पाठीचा रंग निघाला असता, म्हणून त्याला तेथेच राहू दिले.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझा निम्मा वेळ तेथे गेला आणि तो गेल्याचे मला दुःख नाही. प्रश्न लाल रंगाचा होता.

इंग्रजांच्या बाजूचे शिपाई रंगवणे सोपे आहे. त्यांच्या प्रत्येक पलटणीच्या कोटाची गळपट्टी आणि बाह्यांची पट्टी कोणत्या रंगाची, हे नोंदलेले आहे. ७४ व्या हायलँडर पलटणीची पांढरी, ७८ व्या पलटणीची फिकट पिवळट. तिला तिच्या या रंगावरून टोपणनावही पडले होते. कोट मात्र सगळ्यांचे लाल. कंपनीच्या देशी शिपायांचेही लालच, आणि वेलस्लीच्या फौजेत त्यांची संख्या गोऱ्यांहून मोठी होती, हे रंगवायला बसल्यावर प्रथम जाणवते. पुस्तकात ‘इंग्रज सैन्य’ वाचताना डोळ्यांसमोर गोरे चेहरे येतात. ताटलीत मात्र सावळ्या कातडीचा रंग दुप्पट कालवावा लागतो.

परंतु लाल म्हणजे कोणता लाल? बाटलीतला लाल तसाच लावला तर शिपाई आगगाडीच्या सिग्नलसारखा दिसतो. अधिकाऱ्यांच्या कोटाचे उंची कापड मेक्सिकोतील निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेल्या रंगात रंगवत, तो झळझळीत किरमिजी. साध्या शिपायाचा कोट स्वस्त रंगाचा, मॅडर नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांपासून केलेला, विटेकडे झुकणारा आणि ऊन-पावसात लवकर विटणारा. आयुर्वेदातली आपली मंजिष्ठ ही या मॅडरची सख्खी बहीण. म्हणजे एकाच रांगेत दोन लाल हवेत: पुढे चालणाऱ्या अधिकाऱ्याचा उजळ आणि मागच्या शिपायांचा मळका. येथवर ठीक होते.

अडचण समोरच्या बाजूला आली. भोसल्यांच्या बेकवायती पायदळाला एकसारखा गणवेश असा नव्हता. अंगरखा, धोतर किंवा तुमान, कमरेला शेला आणि डोक्याला पागोटे, ज्याचे त्याचे. त्यांतले पांढरे कपडे रंगवताना मी बाटलीतला पांढरा लावला आणि सगळे शिपाई नुकतेच धुलाईच्या पावडरीतून काढल्यासारखे दिसू लागले. तेव्हा समोरच्या खोलीतून गावरानी कापसाचे बोंड आणले, कारण भावाने हौसेखातर चार ओळी गावरानीच्या लावल्या होत्या, आणि ते शिपायाजवळ धरून रंग जुळवला. कोऱ्या सुती कापडाचा रंग पांढरा नसतो. त्यात पिवळसर, किंचित तपकिरी झाक असते आणि सावलीत तो राखाडीपेक्षा गव्हाळ होतो. ज्या कापसाने माझ्या पहिल्या तुकडीचा नाश केला त्यानेच दुसऱ्या तुकडीचे कपडे ठरवून दिले, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

पागोट्यांचा आणि शेल्यांचा लाल रंग जुळवताना मात्र हाताशी बोंड नव्हते. एक रात्र मी ताटलीत सहा लाल कालवले आणि एकही पसंत पडला नाही. सकाळी उन्हात पाहिले तर रात्री मनाजोगता वाटलेला सातवा लाल चक्क चॉकलेटी निघाला, कारण कोठीतला बल्ब पिवळा होता आणि पिवळ्या उजेडात केलेली लाल रंगाची पारख दिवसा टिकत नाही. (मग पांढऱ्या उजेडाचा दिवा आणला. सहा वर्षांत हे आधी का सुचले नाही, याला उत्तर नाही.) मी ते सातही नमुने एका पुठ्ठ्यावर लावून ओसरीत ठेवले होते. आईने भाजी निवडता निवडता पुठ्ठ्याकडे पाहिले. तिचे माझ्या छंदाविषयीचे मत पूर्वीपासून स्पष्ट आहे: ‘एवढा मोठा मास्तर, अन् बाहुल्याइले कपडे घालून राह्यला.’ परंतु या वेळी तिने डावीकडून चौथ्या नमुन्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘हे तं आलवनावानी दिसते. माह्या आजीचं आलवन असंच होतं.’

आलवण हा शब्द मी ऐकला होता. विधवेला नेसावे लागे ते लाल लुगडे, एवढाच अर्थ ठाऊक होता. तो शब्द ‘आल’ या झाडावरून आला आहे, हे त्या दिवशी शोधाशोध केल्यावर कळले. आल हे लहानखुरे झाड. एके काळी वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात काळ्या जमिनीत त्याची लागवड होत असे. दोन-तीन वर्षे पीक जमिनीत ठेवायचे, मग खोल खणून मुळ्या काढायच्या, कारण रंग मुळ्यांच्या सालीत असतो. तुरटीची जोड दिली की कापड लाल होते, लोखंडाची जोड दिली की जांभळट-तपकिरी. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली मॅडरमधला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. कारखान्यातला तो स्वस्त रंग बाजारात आला तशी युरोपातली मॅडरची शेती बसली आणि आपल्याकडची आलही गेली. आमच्या भागात रंगारी आडनावाची घरे अजून आहेत. आलीचे रोप मात्र माझ्या भावालाही कधी दिसलेले नाही, आणि त्याला धुऱ्यावरचे प्रत्येक झुडूप नावानिशी माहीत असते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आल आणि मॅडर एकाच कुळातल्या, आणि दोघींच्या मुळ्यांतली लाल द्रव्येही रसायनदृष्ट्या एकाच घराण्यातली. म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकी एकाचा कोट आणि दुसऱ्याचे पागोटे यांचे लाल परस्परांचे चुलतभाऊ होते. हे कळल्यानंतर मी दोन वेगवेगळ्या बाटल्या घेण्याचा विचार सोडला आणि एकाच लालापासून दोन्ही केले. तळाला गेरूसारखा तपकिरी थर द्यायचा, कारण काळ्या अस्तरावर लाल रंग थेट दिला तर तो बसत नाही, पाच-पाच हात द्यावे लागतात. त्यावर मूळ लाल. पुढे कोटासाठी त्यात थोडी नारिंगी आणि पागोट्यासाठी थोडा जांभळा. उजळ कडा काढताना लालात पांढरा कधीही घालायचा नाही, तो गुलाबी होतो आणि शूर शिपाई वरातीतला वाजंत्री दिसू लागतो; नारिंगी घालायची. शेवटी पातळ तपकिरी रंगाचा एक हात, ज्याला या छंदात ‘वॉश’ म्हणतात. हा पाण्यासारखा रंग उंचवट्यांवर थांबत नाही, चुण्यांत आणि खाचांत उतरून बसतो आणि सावली आपोआप पडते. आळशी माणसाला चित्रकार बनवणारी याहून मोठी युक्ती मला ठाऊक नाही.

एक तुकडी अजून बाकी होती. लढाईच्या ऐन मध्यावर सुमारे पाचशे जणांची एक तुकडी ७४ व्या आणि ७८ व्या पलटणींवर चालून गेली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. वेलस्लीने आपल्या अहवालात हे लोक इराणी असावेत असे लिहिले. मराठ्यांच्या इतिहासकारांत त्यांना अरब म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी हातघाईची लढाई झाली, तरी ते कोण होते हे जिंकणाऱ्याला नक्की सांगता आले नाही. इतिहासकाराला ‘असावेत’ म्हणून पुढे जाता येते. रंगवणाऱ्याला ती सोय नाही. डोक्याला काय बांधायचे ते त्याला ठरवावेच लागते. मराठी फौजांमध्ये अरब शिपाई असत ही गोष्ट सर्वश्रुत असल्याने मी त्यांना अरब केले, सैल अंगरखे आणि पट्ट्यापट्ट्यांचे शिरोवस्त्र दिले, आणि बाराजणांना तसे रंगवून झाल्यावर अमरावतीकराला छायाचित्र पाठवले. त्याला इतिहासाचा नाद आहे. त्याने मला सव्वा तास फोनवर इराणी बाजू ऐकवली. त्या सव्वा तासात मी सहा जणांच्या बंदुकांचे दस्ते पुरे केले.

कुंचल्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बारीक कामाला प्राण्यांच्या केसांचे कुंचले चांगले, टोक धरून ठेवतात, आणि आपल्याकडे पूर्वी त्यासाठी मुंगसाचे केस सर्रास वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार हा गुन्हा आहे, तरी असे कुंचले विकणारे अजून भेटतात. आमच्या विहिरीजवळ मुंगसाची एक जोडी राहते आणि मी दर रविवारी तिला पाहतो. एका कुंचल्याला एकाहून अधिक मुंगसांचे केस लागत असतील तर तो कुंचला हातात धरवणार नाही. नायलॉनचे टोक महिन्याभरात आकड्यासारखे वळते. वळू द्यावे. असा वळलेला कुंचला ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या रंगाने उंचवटे घासण्याला, उत्तम चालतो.

शिपायांच्या तळाला मी शेतातलीच काळी माती लावली. बाजारात तयार मिळणारी पेस्ट असते, परंतु आडगावच्या शिपायाने विलायती मातीवर का उभे राहावे? माती वाळवून वस्त्रगाळ केली, फेविकॉलमध्ये कालवली आणि तळांवर पसरली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक तळाला भेगा. कारण उघड आहे आणि शेतकऱ्याच्या मुलाला ते आधीच कळायला हवे होते: काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात आमच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे तळ खरवडून काढण्याच्या तयारीत मी होतो, तोच भाऊ आला. त्याने एक शिपाई डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, ‘हे बरोबर आहे.’ मग काही खरवडले नाही. भेगांत पातळ काळा रंग सोडला आणि झाडूच्या तंतूंची ज्वारीची धसकटे रोवली. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्याकडे जमिनीला अशा भेगा नसतात, त्या मार्चनंतरच्या. ही चूक मला माहीत आहे आणि ती तशीच आहे.

माघ सरता सरता उन्हे चढली, ताटलीतला रंग पुन्हा लवकर वाळू लागला, आणि मी घोडेस्वारांना सर्वांत शेवटी ठेवल्याचा पश्चात्ताप करू लागलो. शिंद्यांचे आठ स्वार ठरवले होते, पाच झाले. घोड्याला १० गुण असले, तरी त्याला वेळ तीन शिपायांचा लागतो. गुणांचा तक्ता आम्हीच केला होता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? होळीच्या संध्याकाळी हिशेब झाला. ३६ पायी शिपायांचे १८०, पाच स्वारांचे ५०, एका तोफेचे १२, एकूण २४२. नागपूरकराचे ३१०, अमरावतीकराचे २५५. पुणेकराचे ४०.

पुणेकराने तीन महिन्यांत सहा शिपाई आणि एक घोडेस्वार रंगवला होता. त्या स्वाराच्या घोड्याच्या मानेवरची शीर दिसते. डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका आहे आणि कोटाच्या डाव्या खांद्यावर, चांदणे त्या बाजूने येत असल्यासारखी, निळसर कड आहे. ते पाहून मी माझे सगळे शिपाई पेटीत घातले आणि थोडा वेळ पेटी उघडली नाही. परंतु हातभर अंतरावरून पाहावयाच्या शिपायाला डोळ्यांतल्या ठिपक्याची गरज नसते आणि रांगेत उभ्या असलेल्या छत्तीसांचा परिणाम एकट्याच्या शिरेहून निराळा असतो, असे मी त्याला सांगितले. त्याने मान्य केले नाही. तो रोडगे करायला मात्र वेळेवर आला.

धुळवडीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या शेतात, लिंबाखाली, त्याने गोवऱ्यांचा जगरा केला आणि माझ्या आईच्या देखरेखीखाली रोडगे भाजले. बाहेरून कोळसा आणि आत कच्चे अशी पहिली खेप आईने कुत्र्यांना घातली, दुसरी आम्ही खाल्ली. वांग्याची भाजी तिने त्याच्या हाती दिलीच नाही. दुपारी चार वाजता दोन बाजा जोडून त्यांवर प्लायवूड टाकले आणि आडगावची लढाई मांडली. कंपनीच्या देशी पलटणी पहिल्याच माऱ्यात मागे फिरतील असा नियम अमरावतीकराने मुद्दाम घातला होता. फाशांनी वेलस्लीला साथ दिली नाही. त्या पलटणी पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत आणि सूर्य मावळताना तोफा भोसल्यांच्याच हाती होत्या. व्यंकोजी माझ्याकडे होते. नागपूरकर म्हणाला की १८०३ साली हेच फासे कोठे गेले होते.

पुढच्या वर्षासाठी गाविलगड ठरला आहे. आडगावनंतर सोळाच दिवसांनी, १५ डिसेंबरला, तो किल्ला पडला, आणि त्यासाठी इंग्रजांनी जड तोफा मेळघाटच्या डोंगरांतून ओढत नेल्या होत्या. डोंगरांत त्या बहुतेक वाट माणसांनीच हातांनी ओढल्या, परंतु तोवर ओढणारे अर्थातच बैल, आणि बैल माझ्या वाट्याला आले आहेत. पुणेकराने नमुन्यादाखल एक जोडी छापून दिली. ती मी घरी ओसरीत ठेवली होती, तर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तान्ह्या पोळ्याला आपल्या लाकडी नंदीसाठी आणलेले रंग काढले आणि एका बैलाची शिंगे हिरवी, दुसऱ्याची सोनेरी केली. कंपनीच्या तोफेच्या बैलांना असे रंगवत नसत, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, बैल कोणाचेही असोत, पोळ्याला तर रंगवलेच असतील.

दुसरी जोडी मागवली आहे. पहिली तशीच ठेवली आहे.